जुन्या फायबरला काय चिकटेल?

फायबरची होडी कुजत नाही, असं कोकण किनाऱ्यावर कुणीही छातीठोकपणे सांगतं. ते अर्धंच खरं आहे. काच कुजत नाही, काचेला धरून ठेवणारं रेझिनही कुजत नाही. पण आपल्याकडच्या छोट्या मासेमारी होड्या बहुधा नुसत्या फायबरच्या नसतातच. इंजिन जिथं टांगतात ती मागची उभी भिंत, म्हणजे ट्रान्सम, आतून प्लायवूडची असते. तळाला ताठपणा देणारे लांबीतले दांडे, स्ट्रिंगर, बऱ्याचदा लाकडाचे असतात आणि त्यांच्यावर फायबर चढवलेलं असतं. पंधरावीस वर्षांनी होडी म्हातारी होते ती या आतल्या लाकडापायी. बाहेरचं कवच तेव्हाही धडधाकट असतं, आणि म्हणूनच ती भंगारात न काढता पुन्हा बांधून काढावी असं मालकाच्या मनात येतं.

विचार चांगला आहे, पण तो बिघडतो दुकानात. "सगळ्यात भारी काय आहे ते द्या," असं म्हणून सामान आणलं की निम्मे पैसे वाया जातात. जुन्या होडीच्या बाबतीत सामानाची ताकद हा नंतरचा प्रश्न आहे. त्याआधीचे प्रश्न तीन: जुनं फायबर कशाला धरून ठेवील, पाणी कुठं साचेल, आणि पुढच्या वेळी ही होडी फुटली तर ती कोण आणि कशानं सांधणार.

फायबरच्या होड्यांचा इतिहास फार जुना नाही. १९४२ साली अमेरिकेत टोलीडो गावच्या रे ग्रीननं काच आणि पॉलिएस्टरची एक छोटी शिडाची होडी बांधली. या जातीतली ती पहिली मानली जाते. भारताच्या पूर्व किनाऱ्यावर १९८०च्या दशकात बंगालच्या उपसागर कार्यक्रमाखाली लाटा फोडून थेट वाळूवर चढणाऱ्या होड्यांचे प्रयोग झाले. २००४च्या डिसेंबरातल्या त्सुनामीनंतर मदत म्हणून फायबरच्या होड्या घाईघाईनं आणि मोठ्या संख्येनं बांधल्या गेल्या, आणि त्यांतल्या अनेकींच्या दर्जाबद्दल ओरडही झाली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं २००९ साली फायबरची उघडी होडी कशी बांधावी यावर एक पुस्तिकाच काढली. ती वाचताना जाणवतं ते हे, की होडी बिघडते ती बहुतेक वेळा सामान हलकं म्हणून नव्हे, तर चांगलं सामान ओल्या हवेत, चुकीच्या मापात, न घासलेल्या पृष्ठावर लावलं म्हणून.

तेव्हा आधी होडी तपासायची. हातोडी उलटी धरून तिच्या दांड्यानं ट्रान्समवर वीतवीत अंतरावर ठोकत जायचं. फायबर आणि लाकूड एकमेकांना धरून असतील तिथं आवाज टणक येतो, सुटले असतील तिथं भद्द. पण नुसत्या आवाजावर जाऊ नये. पाण्यानं पूर्ण भिजलेलं प्लाय कधीकधी छान टणक वाजतं. खात्री करायची तर ड्रिल घ्यावं. आतल्या बाजूनं, तळापासून चार बोटं वर, ६ मिलिमीटरचं भोक पाडावं आणि बाहेरच्या फायबरला बिट लागायच्या आत थांबावं. मग बिटावर आलेला भुसा चिमटीत घेऊन बघावा. फिकट, कोरडा आणि कुरकुरीत असेल तर तिथलं लाकूड जिवंत आहे. काळपट असेल, चिमटीत त्याची गोळी वळत असेल, आंबूस वास येत असेल, तर ते गेलं. कधी भोकातून चहाच्या रंगाचं पाणीच ओघळायला लागतं, मग पुढचं ठोकणं सोडून द्यावं. पाणी काढायच्या बुचाजवळ, इंजिनाच्या बोल्टांखाली आणि दोन्ही कोपऱ्यांत अशी चारपाच भोकं पुरतात. ती बुजवायला दहा मिनिटं लागतात.

हे पाणी आलं कुठून? समुद्रातून, असं उत्तर तोंडावर येतं. पण लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही. तिला गोडं पाणी आणि थोडी हवा लागते. चार महिने किनाऱ्यावर उताणी पडलेली होडी, बुचात अडकलेला गाळ, मागच्या कोपऱ्यात साचलेलं पावसाचं पाणी, आणि बोल्टच्या भोकातून थेंबथेंब आत जाणारी वाट. बुरशीला याहून जास्त काही लागत नाही. होडी पावसाळ्यात पालथी ठेवायची जुनी रीत लाकडी होड्यांसाठी होती. फायबर आलं आणि ती सुटली. सुटायला नको होती.

आता सामानाकडे वळू, आणि सुरुवात रेझिनपासून करू. सगळ्यात जास्त गोंधळ तिथंच आहे, आणि तिथं घेतलेला निर्णय पुढं परत फिरवता येत नाही.

होडी मुळात बांधली गेली ती पॉलिएस्टर रेझिनमध्ये. हे रेझिन स्टायरीनमध्ये विरघळवलेलं असतं. कारखान्यात नाक झोंबवणारा तो वास स्टायरीनचाच. हार्डनर घातला की रेझिनचे लांब रेणू स्टायरीनच्या पुलांनी एकमेकांशी जोडले जातात आणि पातळ रेझिनचा दगड होतो. एका दिवसाच्या आत त्याच्यावर दुसरा थर घातला तर पहिल्यातली उरलीसुरली मोकळी टोकं दुसऱ्याला धरतात आणि दोन थर एकजीव होतात. पंधरा वर्षांच्या जुन्या फायबरमध्ये अशी मोकळी टोकं जवळपास उरलेलीच नसतात. त्यावर नवं पॉलिएस्टर लावलं तर ते धरतं ते फक्त घासून केलेल्या ओरखड्यांना. शिवाय पॉलिएस्टर सुकताना आकारमानानं सात टक्क्यांपर्यंत आक्रसतं. आधीच तोकडी पकड, त्यात हा ताण. जुन्या होडीवरचं ठिगळ दोन हंगामांत कडेनं उकलायला लागतं त्याचं कारण हे.

एपॉक्सीचं तसं नाही. एपॉक्सी मुळात गोंदच आहे. जुनं फायबर, लाकूड, धातू, सगळ्यांना ते घट्ट धरतं आणि आक्रसतं फारच कमी. मग सरळ सगळीकडे एपॉक्सीच का वापरू नये? पहिलं कारण उघड आहे: ते पॉलिएस्टरच्या काही पट महाग पडतं. पण खरी अडचण दुसरी आहे. एपॉक्सी पॉलिएस्टरला छान चिकटतं, पॉलिएस्टर मात्र एपॉक्सीला नीट चिकटत नाही. एकदा एखाद्या भागावर एपॉक्सी चढलं की तिथली पुढची प्रत्येक दुरुस्ती एपॉक्सीनंच करावी लागते. वरून जेलकोट लावायचा विचारही सोडावा लागतो, कारण जेलकोट म्हणजे रंगीत पॉलिएस्टरच. एपॉक्सी उन्हात पांढुरकं पडून भुगा होऊ लागतं, म्हणून त्यावर दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग हवा. आणि किनाऱ्यावरच्या मिस्त्रीच्या शेडमध्ये पिंप असतं ते पॉलिएस्टरचं. हंगामाच्या ऐन भरात खडकावर आपटून होडीला भोक पडलं, तर तो त्याच पिंपातलं रेझिन काढून ठिगळ मारणार. खाली एपॉक्सी आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

या दोहोंच्या मधे विनाइल एस्टर आहे. त्याचा कणा एपॉक्सीचा, पण ते पॉलिएस्टरसारखंच स्टायरीनमध्ये आणि त्याच हार्डनरनं घट्ट होतं. जुन्या फायबरवर ते पॉलिएस्टरपेक्षा चांगलं धरतं, पाणी कमी शोषतं, आणि त्यावर पुढं पॉलिएस्टर लावायला अडचण नाही. दोष एकच: ते टिकत नाही. चांगल्या थंड जागी ठेवलं तरी काही महिन्यांतच ते खराब होऊ लागतं. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये तर त्याचं आयुष्य आणखी कमी. डब्यावरची तारीख बघूनच घ्यावं, आणि लागेल तेवढंच घ्यावं. साध्या पॉलिएस्टरमध्येही दोन जाती आहेत, ऑर्थो आणि आयसो. आयसो थोडं महाग असतं पण पाण्याला जास्त तोंड देतं. पाण्याखालच्या भागाला ऑर्थो वापरून वाचणारे पैसे वाचवण्यासारखे नाहीत.

माझं मत असं. बाहेरच्या कवचावरच्या दुरुस्त्या, म्हणजे जिथं वारंवार मार बसणार आणि वारंवार हात लागणार, त्या आयसो पॉलिएस्टर किंवा विनाइल एस्टरमध्ये कराव्यात. ट्रान्समचा नवा गाभा जुन्या बाहेरच्या कातड्याला चिकटवायचा सांधा एपॉक्सीत करावा, कारण तो एकदा बंद झाला की पंधरावीस वर्षं तिथं कुणी पोचणार नाही, आणि तोच सुटला तर इंजिन समुद्रात. मग ट्रान्समच्या आतल्या बाजूला, न पुसणाऱ्या मार्करनं, 'इथं एपॉक्सी आहे' असं ठळक लिहून ठेवावं. हे लिहिणं फुकट आहे आणि जवळजवळ कुणीच करत नाही.

कुठलंही रेझिन घ्या, पकड ठरते ती घासण्यावर. आधी अॅसिटोननं तेल, डिझेल, माशांचा चिकटा पुसायचा आणि मगच ३६ किंवा ४० नंबरच्या डिस्कनं घासायचं. क्रम उलटा झाला तर घासताना तेल ओरखड्यांत रुतून बसतं. भोकाच्या भोवती कवच उतरतं करायचं ते जाडीच्या बारा पट लांबीत. म्हणजे ६ मिलिमीटर जाडीच्या तळाला भोक असेल तर त्याच्या चारी बाजूंनी ७२ मिलिमीटरचा उतार. मिस्त्री बोटभर उतार करून मोकळे होतात, कारण काचेची धूळ घामेजल्या अंगाला चावते आणि काम कंटाळवाणं आहे. पण ठिगळाची सगळी ताकद त्या उतारात असते.

हार्डनरचं मापही असंच दुर्लक्षित. पॉलिएस्टरला किलोमागे १० ते २० ग्रॅम लागतो. उन्हाळ्यात रेझिन लवकर आवळतं म्हणून काहीजण १० ग्रॅमच्याही खाली जातात. तसं केलेलं फायबर हाताला कडक लागतं पण आतून कधीच पूर्ण पक्कं होत नाही. त्यापेक्षा माप राखावं आणि एका वेळी अर्धा किलोच कालवावं, सावलीत, पसरट भांड्यात. दोन किलो रेझिन खोल बादलीत कालवलं की ते स्वतःच्याच उष्णतेनं तापत जातं, तडकतं आणि धुरायला लागतं. आणखी एक गोष्ट प्रत्येक शेडच्या दारावर लिहायला हवी: कोबाल्ट (रेझिन लवकर आवळावं म्हणून घालतात तो) आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळायचा, हार्डनर त्यानंतर. आणि हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा. एपॉक्सीला मात्र हार्डनरचं माप कमीजास्त करणं मुळीच चालत नाही. कंपनीनं सांगितलेलं प्रमाण वजनकाट्यावर मोजायचं, बस.

काचेच्या कापडाबद्दल थोडक्यात. चुरा मॅट, विणलेलं रोविंग आणि शिवलेलं बायअॅक्सियल हे तीन प्रकार लागतात. मॅट खाचाखोचांत बसते आणि थरांना एकमेकांशी धरते, पण रेझिन फार पिते. तिच्या फायबरमध्ये वजनानं जेमतेम तिसरा हिस्सा काच असते. रोविंगमध्ये निम्म्याच्या आसपास काच असते, म्हणून ताकद त्याची. एक चौरस मीटरवर ४५० ग्रॅमी मॅटचे तीन आणि ६१० ग्रॅमी रोविंगचे दोन थर आलटूनपालटून घातले तर काच भरते सुमारे अडीच किलो, रेझिन लागतं चार ते साडेचार किलो, आणि जाडी येते पाच मिलिमीटरच्या जवळपास. हा हिशेब मांडून दुकानात गेलं की किती लागेल ते दुकानदाराला विचारावं लागत नाही.

मॅट घेताना दोन चौकशा करायच्या. काच ई-ग्लास आहे ना? स्वस्त, अल्कली असलेल्या काचेची मॅट पाण्यात हळूहळू दुबळी होते. आणि धागे एकत्र धरणारा बाइंडर पावडरचा आहे का इमल्शनचा? होडीसाठी पावडरचा हवा, इमल्शनचा पाण्यात पांढरा पडतो. एपॉक्सीबरोबर काम असेल तर ही मॅट घेऊच नये. तिचा बाइंडर स्टायरीनमध्ये विरघळावा अशी योजना असते, आणि एपॉक्सीत स्टायरीन नाही. मॅट कडकच राहते, कोपऱ्यात वळत नाही, आत हवा अडकते. एपॉक्सीला शिवलेलं बायअॅक्सियल. त्याचे धागे ४५ अंशांत आडवेतिडवे असतात, आणि ट्रान्सम जिथं तळाला व बाजूंना मिळतो त्या कोपऱ्यावर ताण नेमका त्याच दिशांनी येतो.

आता गाभा. ही चर्चा किनाऱ्यावर रंगते तशी दुसरी कुठलीही रंगत नाही.

"मिस्त्री, सागच टाका. आजोबांच्या होडीला सागच होता, अजून खोपीत त्याची फळी आहे," असं मालक म्हणतो. "नाखवा, साग उघडा चालतो, फायबरच्या पोटात नाही चालत," असं जाणता मिस्त्री सांगतो, आणि त्याचंच बरोबर असतं. सागाच्या अंगी तेल असतं, म्हणून तो पाण्यात टिकतो आणि त्याच तेलामुळे रेझिन त्याला नीट धरत नाही. तेल नसलेलं अखंड लाकूड घेतलं तरी दुसरी अडचण आहेच: अखंड फळी ओलीनं रुंदीत फुगते आणि सुकली की आकसते, फायबर मात्र जागचं हलत नाही. दोघांमधला सांधा दर पावसाळ्यात थोडा थोडा सुटत जातो. प्लायवूडमध्ये एकाआड एक पापुद्रे आडवेउभे चिकटवलेले असल्यामुळे ते असं हलत नाही. आजोबांची होडी टिकली कारण तिचं लाकूड उघडं होतं, भिजायचं आणि वाऱ्यावर सुकायचं. फायबरमध्ये बंद केलेल्या लाकडाला सुकायची सोय नसते.

प्लायवूड घ्यायचं तर आयएस ७१० चा शिक्का असलेलं मरीन प्लाय. हार्डवेअरच्या दुकानात 'वॉटरप्रूफ' म्हणून मिळणारं प्लाय बहुधा आयएस ३०३ चं असतं. ते स्वयंपाकघरातल्या कपाटांसाठी ठीक. शिक्क्यावरही सगळं सोडू नये. फळीची कड नीट न्याहाळावी, पापुद्र्यांमध्ये पोकळ्या दिसल्या तर ती फळी परत करावी, कारण पोकळी म्हणजे पाण्याला बसायला जागा. आणि ७१० चं प्लाय ७२ तास पाण्यात उकळून तपासतात असं विक्रेता अभिमानानं सांगतो तेव्हा एवढं ध्यानात ठेवावं की त्या परीक्षेत उतरतो तो गोंद. लाकूड लाकूडच असतं. औषध मारलेलं असलं तरी वर्षानुवर्षं ओलं राहिलं की ते जातंच. १८ मिलिमीटरच्या दोन फळ्या एपॉक्सीनं एकमेकींना चिकटवून ट्रान्सम करतात, तेव्हा सगळ्या कडा आणि बुचाचं भोक यांना आधीच एपॉक्सी पाजून ठेवावं. प्लाय पाणी पितं ते कडांतूनच.

लाकूड नकोच असेल तर फोम. पण फोम म्हणजे एकच वस्तू नव्हे. घनमीटरला ८० किलो भरणारा पीव्हीसी फोम, आणि काचधागे घालून केलेले ४०० किलोच्या घरातले पॉलियुरेथेनचे घट्ट फळे, यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. ट्रान्सममध्ये हलका फोम घातला तर इंजिनाचे बोल्ट आवळताना तो चिरडतो. वॉशर आत रुततात, नट सैल होतात, पुन्हा आवळले की आणखी चिरडतो. तिथं घट्ट फळाच हवा. तो परदेशी, महाग, आणि मागवून येईपर्यंत हंगाम निघून जाण्याची भीती. त्यानं वजन किती वाचतं? १.६ मीटर रुंद, ६० सेंटिमीटर उंच, ३६ मिलिमीटर जाड ट्रान्सम प्लायचा केला तर २४ किलोंच्या आसपास, घट्ट फोमचा केला तर साधारण १४. दहा किलोंसाठी एवढा खर्च करण्यात अर्थ नाही. एक बर्फाची लादी त्याहून जड असते. न कुजण्यासाठी करायचा असेल तर जरूर करावा, विशेषतः होडी मुलाच्या हाती द्यायची असेल तर.

स्ट्रिंगरची गोष्ट अगदी उलटी आहे, आणि ती फार थोड्यांच्या लक्षात येते. स्ट्रिंगरमध्ये भार पेलतं ते वरून गुंडाळलेलं फायबर. त्याची उभ्या बाजूंची आणि माथ्याची डबी तळाला ताठ ठेवते. आतला गाभा म्हणजे त्या डबीला आकार देणारा नुसता साचा. तिथं हलका पीव्हीसी फोम बिनघोर चालतो, महागडं मरीन प्लाय घालणं म्हणजे उधळपट्टी. फायबर मात्र पुरेसं जाड हवं, आणि तळाला मिळतं त्या कोनात पुट्टीची गोलाई हवी, कारण काटकोनात काच वळत नाही. जिथं इंजिनाचा, नांगराच्या खुंटाचा बोल्ट स्ट्रिंगरमधून जाणार तेवढ्याच जागी घट्ट ठोकळा बसवावा.

थर्मोकोल स्वस्त, हलका आणि मासळीबाजारात पेट्यांच्या रूपानं ढिगांनी पडलेला, त्यामुळे तो वापरायचा मोह होतोच. पॉलिएस्टरबरोबर तो वापरू नये. एका तुकड्यावर रेझिनचे चार थेंब टाकून बघा: स्टायरीन त्याला खातं, आणि थोड्याच वेळात तिथं खड्डा पडलेला दिसतो. वर फायबर चढेपर्यंत आतला आकारच नाहीसा झालेला असतो. तरंगण्यासाठी बंद कप्प्यात फेसाळून भरायचा दोन भागांचा पॉलियुरेथेन फोमही मला पसंत नाही. तो पाणी पीत नाही असं म्हणतात, पण वर्षानुवर्षं ओलाव्यात बसला की पितो, आणि मग बाहेर काढता येत नाही. कप्प्यात बंद छिद्रांच्या फोमचे सुटे ठोकळे ठेवावेत, वर झाकण असावं, आणि दर उन्हाळ्यात ते उघडून आत हात घालता यावा.

हे सगळं करायचं कधी, ही आपल्याकडची खरी पंचाईत. मासेमारीबंदी पावसाळ्यात, होड्या वर ओढलेल्या, हात मोकळे, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात हवी. पण जून-जुलैची हवा फायबरच्या कामाला सगळ्यात वाईट. काचेची मॅट हवेतली ओल धरते, ओल्या काचेला रेझिन भिजवत नाही, आणि आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की काम थांबवावं हा साधा नियम त्या दोन महिन्यांत क्वचितच पाळता येतो. ताडपत्रीखाली केलेल्या एपॉक्सीवर सकाळी मेणचट साय दिसते. ती दमट हवेची करामत. ती अॅसिटोननं पुसू नये, साध्या पाण्यानं आणि काथ्यानं घासून धुवावी, मगच पुढचा थर. जमत असेल तर मे महिन्यातले तीन आठवडे या कामाला काढावेत. त्या तीन आठवड्यांची मासळी जाते हे खरं, पण जुन्या होडीचं ओलं कवच सुकायलाही तेच ऊन लागतं. नाहीच जमलं तर निदान फोडणं, कुजकं काढणं आणि सुकवणं मेमध्ये उरकून, बाकीचं काम पक्क्या छपराखाली, हॅलोजनचे दिवे लावून करावं.

उरली पुट्टी आणि बोल्ट. गॅरेजमध्ये गाडीच्या पत्र्यावर लावतात ती पुट्टी होडीच्या पाण्याखालच्या भागाला लावू नये. तिच्यात टाल्क असतो, तो पाणी धरतो, आणि वर रंग फुगून येतो. तिथं एपॉक्सीत बारीक सिलिका कालवून केलेली पुट्टी हवी. गोलाई आणि सांध्यांसाठी त्यातच कापलेले काचधागे घालावेत.

बोल्ट ३१६ जातीच्या स्टेनलेसचे घ्यावेत. ३०४ बाहेरून चमकतो, पण ओल्या लाकडात, जिथं हवा पोचत नाही, तिथं नेमका खायला लागतो. पितळेतलं जस्त खारं पाणी काढून घेतं, मग हातोडीच्या एका टोल्यानं त्याचा तुकडा पडतो. ट्रान्सममधून जाणाऱ्या प्रत्येक बोल्टसाठी भोक आधी चांगलं मोठं पाडावं, ते एपॉक्सीच्या पुट्टीनं गच्च भरावं, दुसऱ्या दिवशी त्याच पुट्टीत बोल्टच्या मापाचं भोक पाडावं. मग पाणी आलं तरी त्याला लाकूड सापडत नाही. भोवती सीलंट पॉलियुरेथेनचं लावावं. सिलिकॉनचा उरलेला थर निघता निघत नाही आणि त्यावर पुढं ना रंग धरत ना रेझिन, म्हणून ते होडीवर आणूच नये.

इंजिन बदलणार असाल तर ट्रान्समची जाडी ठरवायच्या आधी नव्या इंजिनाचं वजन विचारून घ्या. त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक जुन्या टू-स्ट्रोकपेक्षा जड असतं. ४० अश्वशक्तीत हा फरक वीसपंचवीस किलोंचा. तेवढं ओझं शेवटच्या टोकाला आलं की होडी मागून बसते, आणि बुचाचं भोक, जे आधी पाण्याच्या रेषेवर होतं, ते पाण्याखाली जातं. बोल्टांखाली सुटे वॉशर घालण्याऐवजी आतल्या बाजूला ६ मिलिमीटरची एकच सलग स्टेनलेसची पट्टी घालावी, आणि पहिल्या आठदहा फेऱ्यांनंतर नट पुन्हा एकदा पान्यानं बघावेत. नवा ट्रान्सम थोडा बसतोच.